स्लॅब पडला

काँक्रीट वाळत नाही. हे एक वाक्य मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं पोरांच्या कानात ओरडलो, आणि चौतीस वर्षं पोरं परीक्षेत ‘काँक्रीट वाळल्यावर’ असंच लिहीत आली. वाळतात ते पापड. सिमेंटला पाणी मिळालं की दोघांची आत काहीतरी भानगड सुरू होते, त्या भानगडीत अंगात ताप चढतो, आणि त्या तापातून दगड होतो. पाणी उडून गेलं तर भानगड अर्धवट राहते आणि दगड कच्चा. म्हणून तर नव्या स्लॅबवर पाण्याची तळी करून ठेवतात.

माझं काम क्यूब फोडायचं. साइटवर जे काँक्रीट ओतलं त्यातलंच थोडं सहा इंची चौकोनी साच्यात भरायचं, अठ्ठावीस दिवस टाकीत बुडवून ठेवायचं, मग मशीनमध्ये घालून फुटेपर्यंत दाबायचं. जेवढ्या दाबाला फुटला तेवढी त्याची ताकद. असे नऊ लाख क्यूब मी फोडले. एका ठेकेदाराचा क्यूब तर इतका हळवा निघाला, की मी बटणाकडे नुसता हात नेला आणि तो फुटला. खोटं वाटत असेल तर त्या ठेकेदाराला विचारा. तो आता नगरसेवक आहे.

मग कण आले आणि माझं काम गेलं.

कण म्हणजे मोहरीएवढी यंत्रं. काँक्रीट कालवताना मिक्सरमध्ये दोन मुठी टाकायची. त्यांना बॅटरी नाही, काही नाही. काँक्रीटला जो ताप येतो त्याच्यावरच ती जगतात, आणि ताप किती चढला, किती तास टिकला, हादरा कुठून आला, एवढं बाहेर कळवत राहतात. ताप आणि तास कळले की आतली भानगड कुठवर आली ते कळतं, म्हणजेच ताकद कळते. अठ्ठावीस दिवस वाट बघायचं कारण नाही. एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. कणाला ताप कळतो, हादरा कळतो; उंची कळत नाही. आपण चौथ्या मजल्यावर आहोत की तळात, हे त्या मोहरीला ठाऊक नसतं.

या कणांचं ऐकणारा जो प्रोग्राम आमच्या विद्यापीठानं बनवला, त्याला सगळे ‘मुकादम’ म्हणायचे. मुकादम कणांचं ऐके, आणि कामगारांच्या हेल्मेटमधून माणसांचंही ऐके. सिमेंट कधी मागवायचं, टेकू कधी काढायचे, कोणती टोळी कुठं पाठवायची, सगळं तोच ठरवी. स्लॅब झाला की कामगारांचं जेवणसुद्धा तोच मागवी. स्लॅबच्या दिवशी जेवण द्यायची रीत त्याला शिकवली होती. विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या कँटीनमध्ये मला अजून फुकट चहा मिळतो. सोलापूरच्या बाहेर, मंगळवेढ्याच्या रस्त्याला, मैल न् मैल फक्त बाभळी, असं कुठंतरी आहे समजा.

शिवलीला हत्तुरे, आमची लीली, तिथं बांधकाम व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील मल्लिनाथ सेंटरिंगचे मिस्त्री. म्हणजे स्लॅबच्या खाली फळ्या आणि टेकू उभे करणारे. पहिल्या वर्षी खांबेटे सरांनी वर्गात विचारलं होतं, “क्रिटिकल पाथ म्हणजे काय?” बाकीची पोरं पुस्तकातलं बोलली. लीली म्हणाली, “सर, ज्या कामामुळं आमचे अप्पा जेवायला उशिरा येतात ते.” सर हसले आणि पूर्ण गुण दिले, कारण उत्तर बरोबर होतं. एक काम अडलं की सगळं अडतं, ते काम ओळखायचं, एवढंच ते शास्त्र आहे. बाकी सगळे तक्ते.

खांबेटे सर म्हणजे नावातच खांब असलेला माणूस. पण कोट घालून कुणी आलं की वेतासारखा वाकायचा.

विद्यापीठाचं नवं वसतिगृह बांधायला निघालं तेव्हा मुकादमाला तिथं पहिल्यांदा कामाला लावलं. टोळी मल्लिनाथची. पहिला स्लॅब ओतून झाला, लोकांनी वर नारळ फोडला, आणि आपल्याकडे जसं म्हणतात तसं सगळे ओरडले, “पडला रे पडला! स्लॅब पडला!”

मुकादमानं ऐकलं. शब्दकोशात पाहिलं. आणि अग्निशामक दल, दोन अँब्युलन्स आणि एक क्रेन बोलावली.

अकरा मिनिटांत गाड्या हजर. अधिकारी धावत आत आला तर पंक्ती बसलेल्या.

“कुठं पडला?”

“ह्ये काय, वर.” मल्लिनाथनं अभिमानानं बोट दाखवलं. “एक नंबर पडलाय सायेब. या, बसा. शेंगाची चटणी वाढ रे सायबास्नी.”

दुसऱ्या स्लॅबला पुन्हा तेच. तिसऱ्याला गाड्या निघण्याआधी त्या अधिकाऱ्यानं फोन केला, म्हणे. विचारलं, “आज गोड काय आहे?”

आम्ही पोट धरून हसलो. खांबेटे सर हसले नाहीत. मुकादम विकत घ्यायला पुढच्या महिन्यात मोठी कंपनी येणार होती आणि कंपनीला खोटे इशारे चालत नव्हते. सरांनी लीलीला बोलावलं. “हत्तुरे, तुझा प्रकल्प हाच. मुकादमाला साइटवरची मराठी शिकव. तुझ्याइतकी ती इथं कुणाला येत नाही.”

पोरगी हरखली. तिला वर्गात कुणी आजवर ‘तुझी मराठी चांगली’ असं म्हटलं नव्हतं.

काम उरलं नसल्यामुळं माझ्या खोलीत शांतता असायची, म्हणून तिनं तिथंच टेबल मांडलं. तीन आठवडे ती साइटवर फिरली आणि अकरा हजार वाक्यं घेऊन आली. ‘माल मारा’ म्हणजे कुणाला मारायचं नाही, काँक्रीट ओतायचं. ‘फळीनं पोट काढलं’ म्हणजे डॉक्टर बोलवायचा नाही, फळी फुगली. आणि ‘पडला’. ‘पडला’पाशी येऊन ती अडली. झाला तरी पडला, कोसळला तरी पडला. एकच शब्द. मुकादमानं ओळखायचं कसं?

“सुरावरनं,” मल्लिनाथ म्हणाला. एका दुपारी तो टोपी काखेत धरून माझ्या खोलीत आला होता, सोबत बंदेनवाज. बंदेनवाज व्हायब्रेटर चालवायचा, म्हणजे ओतलेल्या काँक्रीटमध्ये थरथरती नळी घालून ते दाबून बसवायचा. तीस वर्षांची दोस्ती. मल्लूनं फळ्या ठोकायच्या, बंदूनं वर उभं राहायचं.

“सूर म्हणजे कसा, अप्पा? बोलून दाखवा.”

मल्लूनं खुशीतला ‘पडला’ म्हणून दाखवला. खिडकीवरचं कबूतर उडालं.

“आणि आता दुसरा. कोसळल्यावरचा.”

मल्लिनाथनं काखेतली टोपी डोक्यावर चढवली.

“अप्पा?”

“त्ये न्हाई जमायचं, लीले.”

“बंदूचाचा, तुम्ही तरी.”

“तोबा!” बंदेनवाजनं दोन्ही कान धरले. “बेटी, काम चालू असताना असं तोंडातनं काढत्यात का? ज्यानं म्हटलं त्याच्यावर येतंय ते. चाळीस जणांच्या टोळीत कुणाला बी विचार.”

तिनं विचारलं. चाळीसच्या चाळीस जणांना. एकानं सुद्धा तो सूर लावला नाही. एकजण तर तिच्यापुढून उठून गेला आणि त्या दिवशी कामावर चढलाच नाही. अकरा हजार वाक्यांत खुशीचे ‘पडला’ चारशे. वाईट ‘पडला’ एकही नाही. जगातली सगळी यंत्रं उदाहरणांवर शिकतात, आणि ज्या गोष्टीचं उदाहरण द्यायला माणूस भितो ती गोष्ट यंत्राला कशी यावी?

शेवटी लीलीनं दार लावून घेतलं आणि स्वतःच ओरडली. तीस-चाळीस वेळा. मी बाहेर बसलो होतो. खरं सांगतो, पहिल्या दोन वेळा माझ्या अंगावर काटा आला, मग हसू यायला लागलं. नाटकातला आवाज होता तो. त्याच्यावर तिनं सुराची तपासणी बसवली. ‘पडला’ ऐकलं की मुकादम सूर तपासणार, शंका आली की विचारणार, आणि उत्तर मिळालं नाही की गाड्या बोलावणार.

चाचणीत कुणी हातोडी पायावर पडून ओरडला की मुकादम विचारायचा. कुणी एकमेकांना शिव्या दिल्या की विचारायचा. आठवड्यात अकरा वेळा.

खांबेटे सर कागद घेऊन माझ्या खोलीत आले. “हत्तुरे, ही सुराची भानगड काढून टाक.”

“सर, पण मग खरंच कोसळला तर...”

“तर ‘कोसळला’ म्हणायचं. हा बघ तक्ता. मानक शब्दावली. ओतून झाला की ‘ओतकाम पूर्ण’. दुर्घटना झाली की ‘कोसळला’. सगळ्या कामगारांना प्रशिक्षण द्यायचं आणि सह्या घ्यायच्या. यंत्रानं माणसाकडं यायचं, तसं माणसानंही दोन पावलं यंत्राकडं यायला नको?”

“सर, कोसळताना तक्ता कुणाला आठवंल?”

“तू लिहिलेल्या ओळी आहेत. तू ठरव. पण कंपनी शून्य खोटे इशारे मागतेय, आणि प्रकल्पाचे गुण माझ्या हातात आहेत.” सर वाईट नव्हते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अगं, कणही ऐकतच असतात की. ते सांगतीलच.”

प्रशिक्षण चहाच्या सुट्टीत झालं. पाच मिनिटं. लीली सह्यांचा कागद घेऊन एकेकापुढं गेली. पहिला अंगठा तिच्या वडिलांचा. त्यांनी विचारलं, “काय लिवलंय गं ह्यात?” ती म्हणाली, “काही नाही अप्पा, नुसता अंगठा टेकवा, पुढं जायचंय.” त्यांनी टेकवला. लेकीनं पुढं केलेला कागद कोण वाचतो?

मग ती माझ्याकडं येऊन बसली. पडद्यावर तिच्याच त्या ओळी. “काका, काढू?”

मी काय बोललो ते आज सांगायला लाज वाटते. म्हणालो, “काढ की. तुझ्या त्या किंचाळण्यानं माझे उरलेसुरले क्यूब न फोडता फुटायला लागलेत.”

ती हसली आणि तिनं त्या ओळी काढल्या. आता मुकादमाला ‘पडला’ म्हणजे फक्त ‘झाला’.

चौथ्या स्लॅबच्या दिवशी कंपनीचे सहा लोक आले. प्रयोगशाळेत मोठा पडदा, त्यावर वसतिगृहाचं चित्र, चित्रात कणांचे ठिपके लुकलुकतायत. साइट तिथून चार मैल, शहराच्या बाजूला. सर पाहुण्यांना दाखवत होते: हे ताजं काँक्रीट, ताप अजून कोवळा, म्हणून निळे ठिपके, ही थरथर व्हायब्रेटरची, आता बघा, ओतून झालं की ठिपके स्थिर होतील आणि कामगारही सांगतील. मुकादम दोन्हीचा मेळ घालेल.

सव्वाबाराला ठिपके एकदम जोरात हलले. मग स्थिर झाले. आणि खोलीत मल्लिनाथचा आवाज घुमला:

“पडला! स्लॅब पडला! लीले, ए लीले, स्लॅब पडला गं!”

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. ‘चौथा स्लॅब पूर्ण. अभिनंदन.’

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, “लीली कोण?” सर म्हणाले, “हीच आमची विद्यार्थिनी. आणि ओरडले ते तिचे वडील!” मग पुन्हा टाळ्या. लीलीनंही वाजवल्या. दोन. तिसरीला तिचे हात हवेतच राहिले.

मुकादमानं रीतसर जेवण मागवलं. आणि रीतसर सगळ्या हेल्मेटांचे कान बंद केले. जेवताना कामगारांचं बोलणं ऐकायचं नाही, असा नियम होता, आणि चांगला नियम होता. फोन तर साइटवर नेऊच देत नसत, फाटकाजवळच्या पेटीत ठेवायचे. मुकादम असताना फोन हवा कशाला?

“सर, एकदा साइटवर बघते,” लीली म्हणाली.

“जेवतायत ते. बस खाली, तुझं सादरीकरण आहे.”

“सर, तो सूर...”

“हत्तुरे. पाहुणे आहेत.”

ती बसली. उठली. पुन्हा बसली. तिनं पडद्यावर कण तपासले. ताप नुकता चढू लागलेला, हादरून आता शांत. ताजा ओतलेला स्लॅब असतो तसे. हुबेहूब. तिनं सादरीकरण केलं, तेवीस मिनिटं.

साइटवर काय झालं ते नंतर कळलं. तळाचे टेकू दबले. ते का दबले याचा वेगळा अहवाल आहे, त्यात मी शिरत नाही. चौथा मजला ओलाच्या ओला तिसऱ्यावर आला आणि तिसऱ्याला घेऊन खाली गेला. तिसऱ्याचा ताप कधीच उतरलेला, त्याचे कण मुके झालेले. मल्लिनाथ कडेला होता, त्याचा पाय गजांत अडकून मोडला. बंदेनवाज मधोमध, हातात नळी. छातीवर फळी आणि फळीवर काँक्रीट. पण तोंड उघडं, शुद्ध जागेवर. मल्लूनं गजांतून हात घालून त्याचा हात धरला.

बाकीचे धावून आले, हातांनी उपसायला लागले. फाटक दोनशे पावलांवर. पण कुणी फोनकडे पळालं नाही. का पळावं? मुकादमानं ऐकलेलं. अकरा मिनिटांत गाड्या येतात हे चाळीसही जणांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्या वेळी गरज नसताना आल्या होत्या, आता तर गरज होती. मल्लिनाथ सारखा म्हणत होता, “थोडी कळ काढ बंदू. येऊलाल्यात. माझ्या लीलीनं ऐकलंय.”

बेचाळीस मिनिटांनी फाटकात गाडी वाजली. सगळे वळले. जेवणाचा टेम्पो होता. चाळीस ताटं, जिलबी वेगळी. टेम्पोवाल्यानं ते दृश्य पाहिलं आणि फोन केला.

बंदेनवाज गाडी पोचण्याआधी गेला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर. डॉक्टरांनी असं बोलू नये, पण बोलतात.

चौकशी बसली. आता प्रश्न एकच होता, आणि तो गावभर सगळ्यांना ठाऊक होता. गाड्या का आल्या नाहीत? विद्यापीठाचं उत्तर तयार होतं: यंत्र बरोबर, शब्द चुकला, प्रशिक्षण दिलं होतं, हा बघा अंगठा. म्हणजे दोष मल्लिनाथचा. दुसरं उत्तर फक्त दोघांना माहीत होतं, लीलीला आणि मला. तिसरे खांबेटे सर. पण त्यांच्या लेखी ते त्यांना माहीतच नव्हतं.

आदल्या संध्याकाळी लीलीनं घरी सांगितलं. सगळं. सूर, काढलेल्या ओळी, चहाच्या सुट्टीतला अंगठा. “उद्या मी लिहून नेणार आहे अप्पा. पदवी जाईल. जाऊ दे.” मल्लिनाथ पाय उशीवर ठेवून ऐकत होता. त्यानं एवढंच विचारलं, “तो सह्यांचा कागूद हाय का तुझ्याजवळ? दाखव जरा. काय लिवलंय ते वाच.” तिनं वाचलं. “परत वाच.” तिनं परत वाचलं. तिला वाटलं, अप्पांना आता तरी समजून घ्यायचंय.

चौकशीच्या खोलीत तीन जण टेबलामागं. लीलीच्या हातात चार पानं. मी मागच्या बाकावर. दाराशी बंदेनवाजची बायको भिंतीला टेकून उभी.

आधी मल्लिनाथला बोलावलं. कुबड्या सावरत तो उभा राहिला, आणि जे बोलला ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. शाळेत पाठ म्हणतात तसं, एकेक शब्द जपून:

“मला प्रशिक्षण देण्यात आले होते. दुर्घटना झाल्यास कोसळला असे म्हणावयाचे होते. मला ते माहीत होते. मी चुकीचा शब्द वापरला.”

“तुम्ही कागद वाचून अंगठा केला होता?”

“होय. वाचून दाखवण्यात आला होता.” खोटंही नव्हतं ते. आदल्या संध्याकाळी दोनदा वाचून दाखवला होता.

दाराशी हालचाल झाली. बंदेनवाजची बायको मल्लूकडे बघत होती. तिनं पदर सारखा केला आणि निघून गेली.

“कुमारी हत्तुरे, भाषेचं काम तुम्ही केलं होतं. तुम्हाला यात काही भर घालायची आहे?”

लीली उठली. मल्लिनाथनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. बापाची नजर मी पुष्कळ पाहिली आहे, रागाची, लाडाची. ही तसली नव्हती. टेकू जसा वरच्या वजनाकडं बघत असेल, तशी होती.

“नाही,” लीली म्हणाली.

मलाही कुणी विचारलं असतं तर... पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी कधी नाही तो त्या दिवशी न विचारता बोललो नाही.

लीलीला पदवी मिळाली. प्रकल्पाला सर्वोच्च श्रेणी. त्याच कंपनीत लागली. मुकादम आता राज्यातल्या निम्म्या साइटवर आहे, आणि पहिल्याच महिन्यात तिनं त्यात सूर परत घातला. खरा नमुना आता तिच्याकडं होता. एकच, पण खरा: सव्वाबाराचा, तिच्या नावासकट. तो आवाज यंत्राला शिकवताना तिनं किती वेळा ऐकला असेल ते मी विचारलं नाही. लोक म्हणतात, त्यानं आजवर चार ठिकाणी माणसं वाचली. असतील.

मल्लिनाथला परत कुणी साइटवर घेतलं नाही. परवा मी त्यांच्या घरी गेलो. लीली सुट्टीवर आलेली. मल्लिनाथ खुर्चीत, पाय समोर. मी म्हटलं, “काय मल्लूअण्णा, कसं काय?”

तो थोडा थांबला. शब्द शोधत असावा. “माझी प्रकृती ठीक आहे. आपण बसावे.”

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलो. तो हसला नाही.

“लीला,” त्यानं आत हाक मारली, “मला पिण्याचे पाणी हवे आहे.”

लीली दारात आली. माझ्याकडं बघायचं टाळून म्हणाली, “अप्पा, नीट बोला की हो. काका आलेत.”

“नीटच बोलत आहे,” मल्लिनाथ म्हणाला. मग जरा घाबरून, तिच्या तोंडाकडं बघत, “चुकले असल्यास सांगावे.”

ती पाणी आणायला आत गेली. माठाचं झाकण काढल्याचा आवाज आला. मल्लिनाथचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य तो आधी मनात म्हणून बघत होता.